ओळखीच्या साच्यातून स्वतःचं पात्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कथा लिहायला बसलं की आधी ओळखीची माणसं पुढे येतात. खाष्ट सासू, तत्त्वाला चिकटून बसलेले मास्तर, इरसाल म्हातारा, नायकाचा बिलंदर मित्र, घर सोडून निघालेला धाकटा. अशा ठरलेल्या साच्यातल्या पात्रांचं काय करायचं, हे नव्यानं लिहिणारे सतत विचारतात. नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांना मी देत असलेली उत्तरं इथं एकत्र केली आहेत.

साचा जुनाच असेल, तर पात्र माझं कसं?

साचा कुणाच्याच मालकीचा नसतो, त्यामुळे तो बिनधास्त घ्या. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संशयकल्लोळ’मधला फाल्गुनराव पाहा. बायकोवर संशय घेणारा नवरा १६६० साली पॅरिसच्या रंगमंचावर मोलिएरच्या प्रहसनात उभा होता. अठराव्या शतकात आर्थर मर्फीनं त्याला इंग्रजी नाटकात आणलं. तिथून तो देवलांकडे आला. आधी गद्य नाटकात अवतरला आणि १९१६ साली संगीत नाटकात गाऊ लागला. इतका प्रवास झालेलं पात्र असूनही मराठी प्रेक्षकाला तो शेजारच्या वाड्यातलाच वाटला. संशय उसना होता. पण संशय घेण्याची रीत, घरात बोलण्याची पद्धत, चारचौघांत अब्रू सांभाळण्याची धडपड ही सगळी इथली होती.

वाचक साचा ओळखतो, याचा लेखकाला फायदाच होतो. ‘सासू दारात उभी होती’ एवढं म्हटलं की वाचकाच्या मनात निम्मं चित्र तयार होतं. ते चित्र तुम्हाला फुकट मिळालं आहे. आता उरलेल्या निम्म्यात तुम्ही काय भरता, ते महत्त्वाचं.

युंग, प्रॉप वगैरे वाचायलाच हवेत का?

वाचले तर उत्तम, नाही वाचले तरी कथा अडत नाही. मानसशास्त्रज्ञ युंगचा आदिबंधांचा, म्हणजे माणसाच्या मनात खोलवर असलेल्या मूळ प्रतिमांचा विचार मोठा आहे, पण लिहिताना टेबलावर ठेवायला मला व्लादिमीर प्रॉप जास्त कामाचा वाटतो. त्यानं १९२८ साली रशियन परीकथांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कथेतल्या घडामोडी ३१ कार्यांत आणि पात्रं सात भूमिकांत मांडली. नायक, खलनायक, मदतनीस, दाता अशा त्या भूमिका. त्यात एक मोलाची गोष्ट आहे. पात्र कसं दिसतं, कसं बोलतं याकडे प्रॉप पाहतच नाही. ते कथेत काय करतं एवढंच पाहतो. म्हणजे ‘दाता’, नायकाला उपयोगी वस्तू देणारा, ही एक रिकामी जागा आहे. तिथं जंगलातली म्हातारी बसेल, तलाठी बसेल किंवा एसटीत शेजारी बसलेला अनोळखी माणूसही.

साच्याला जागा समजलं की मन मोकळं होतं. त्या जागेवर नेहमीचंच माणूस नेहमीच्याच कारणासाठी बसवलं, तर मात्र पात्र ‘टिपिकल’ होतं.

ठीक आहे, पण सुरुवात नेमकी कुठून करू?

पोटापाण्यापासून. या माणसाचं घर कशावर चालतं, पैसा कुणाच्या हातात आहे, कुणाचं देणं आहे, घर कुणाच्या नावावर आहे? स्वभाव नंतर येतो, बहुतेकदा या उत्तरांतूनच येतो. पात्राचा आवडता रंग आणि आवडता पदार्थ लिहून काढायला सांगणारे तक्ते पुष्कळ मिळतात. त्यातून माहिती जमते, पण माणूस उभं राहत नाही.

खाष्ट सासूच घेऊ, कारण यापेक्षा जास्त झिजलेला साचा मराठीत सापडणं कठीण. या सासूबाईंना इचलकरंजीत नेऊन ठेवा. घरामागे पत्र्याची शेड, शेडमध्ये आठ साधे यंत्रमाग. नवरा गेल्यावर माग त्यांनीच चालवले. लग्नाआधी दुसऱ्याच्या शेडमध्ये सुताच्या कांड्या भरायच्या. आता स्वतःच्या शेडचा हिशेब स्वतः लिहितात. मजुरीवर कापड विणून द्यायचं, सूत व्यापाऱ्याचं. दर ‘पिका’वर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर ठरतो. मंदी आली की व्यापारी दर पाडतो, वीजबिल मात्र येतच राहतं. माग घेताना पाटल्या गहाण पडल्या, त्या अजून सुटलेल्या नाहीत. मुलगा कोल्हापुरात नोकरीला. सून दीपा शिकलेली, हिशेबाला पक्की. तिचं म्हणणं, हे माग भंगारात घालून मोकळं व्हावं. ती चुकीचं बोलत नाही. भंगारवाला माग किलोवर घेतो, आणि सासूबाईंना नेमकं तेच सहन होत नाही.

आता साच्यातल्या एकेका गोष्टीला कारण मिळत जातं. कंबरेला किल्ल्या का? शेडमध्ये दुसऱ्याचं सूत पडलेलं असतं, हरवलं तर भरून द्यावं लागतं. सुनेच्या खर्चावर नजर का? वीजबिलाची तारीख जवळ आली आहे. आणि सासूचा तो प्रसिद्ध चढा आवाज? आठ मागांच्या खडखडाटात जन्म गेला. हळू बोलून तिथं कुणालाच ऐकू जात नाही.

हे शेवटचं कारण हाती लागलं की प्रसंग आपसूक सुचतो:

रात्री नऊच्या सुमाराला लाइट गेली. आठही माग एकदम थांबले.

“दीपा.”

आवाज इतका हळू होता की दुसरंच कोणीतरी घरात आलंय, असं दीपाला वाटलं.

“काय, आत्याबाई?”

“जेवलीस का गं?”

दीपा अंधारात तशीच उभी राहिली. काय बोलावं ते तिला सुचेना. तेवढ्यात लाइट आली. कामगारानं पहिला माग सुरू केला, मग दुसरा, मग तिसरा.

“काय म्हणतीया मी? जेवलीस का?”

चौथा. पाचवा.

“आणि ती भांडी तशीच पडल्यात की गं तिकडं!”

यात सासू प्रेमळ आहे की खाष्ट? मला ठरवावं लागलं नाही, दीपालाही एवढ्यात ठरवता येणार नाही. साचा मोडलेला नाही, सासू शेवटी भांड्यांवरूनच बोलली. पण या बाईची जागा आता दुसरी कुठलीही सासू घेऊ शकणार नाही, कारण तिचा आवाज त्या शेडला बांधलेला आहे.

साचा उलटा केला तर? म्हणजे प्रेमळ सासू आणि खाष्ट सून?

उलटा केलेला साचाही साचाच. वाचकाला ती अदलाबदल दुसऱ्या पानावर कळते आणि पुढचं सगळं तो आधीच ओळखतो. भित्रा पैलवान, प्रामाणिक चोर, नास्तिक पुजारी ही पात्रं कल्पना म्हणून ऐकायला छान वाटतात. मात्र पैलवान कशाला भितो, आणि ती भीती तालमीत कुणाला माहीत आहे, हे लिहायला बसल्यावरच काम सुरू होतं.

लकबी दिल्या तर पात्र वेगळं होतं ना?

ओळखू येतं, वेगळं होईलच असं नाही. सारखा चष्मा पुसणारे मास्तर आणि बोलताना तंबाखू मळणारे सरपंच आपण इतके वाचले आहेत की त्या लकबीसुद्धा साच्याचाच भाग झाल्या. लकब ठेवायची असेल तर तिला कथेत काम द्या. सरपंच एरवी तंबाखू मळतो. पण कागदावर सही करायची वेळ आली की हात धुऊन येतो आणि फडक्याला पुसतो. यातून कागदाबद्दलचा त्याचा धाक कळला. ती लकब ठेवावी. जिच्यातून काहीच कळत नाही, ती काढून टाका.

जुन्या वाङ्मयात साच्यातून खरं पात्र घडवल्याचं उदाहरण आहे का?

भरपूर आहेत, आणि त्यातलं माझं सर्वांत आवडतं दोन हजार वर्षांच्या आसपासच्या परंपरेतलं आहे. संस्कृत नाटककारांसमोर साच्यांची पूर्ण यादीच होती. धीरोदात्त, धीरललित, धीरोद्धत, धीरप्रशांत असे चार नायक, वासकसज्जेपासून अभिसारिकेपर्यंत आठ नायिका, आणि विदूषक. विदूषक म्हणजे खादाड, विनोदी, नायकाचा मित्र, ब्राह्मण असून प्राकृत बोलणारा. यापलीकडे जायची सोय नाही, असं वाटावं इतकं ते ठरलेलं.

आता शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकातला मैत्रेय बघा. तोही विदूषक, तोही खादाड. पण त्याचा मित्र चारुदत्त दानधर्म करून कफल्लक झालेला आहे. पूर्वी याच अंगणात पोटभर मोदक खाल्ले ते मैत्रेयाला आठवतं. आता तो दिवसभर इकडेतिकडे पोट भरतो आणि पाळीव पारव्यासारखा रात्री निवाऱ्यापुरता मित्राच्या घरी परततो. विदूषकाची भूक तीच आहे, पण तिच्यावरून मित्राचं दारिद्र्य मोजलं जातं. हसता हसता पोटात कालवतं.

आणखी पुढे, नवव्या अंकात चारुदत्तावर त्याच्या प्रेयसीच्या, वसंतसेनेच्या खुनाचा खटला चाललेला असताना मैत्रेय न्यायसभेत येतो. खोटा आरोप करणाऱ्या शकाराचं बोलणं ऐकून त्याचा संताप होतो, झटापट होते आणि त्याच्या काखेतले वसंतसेनेचे दागिने सगळ्यांसमोर खाली पडतात. मित्रासाठी भांडायला गेलेला माणूस मित्राविरुद्धचा पुरावाच पुढे टाकतो. निष्ठावान मित्राचा साचा शूद्रकानं जराही मोडला नाही. निष्ठेपायीच अनर्थ होऊ दिला. नव्यानं लिहिणाऱ्यांनी हा अंक एकदा तरी सावकाश वाचावा, मोठ्यानं वाचला तर आणखी बरं.

सगळीच पात्रं इतकी घडवायची?

नाही. दारात पत्र देऊन जाणाऱ्या पोस्टमनला बालपण नको. ई. एम. फॉर्स्टरनं १९२७ साली सपाट आणि भरीव पात्रांचा भेद मांडला, तेव्हा सपाट पात्रं टाकाऊ आहेत असं त्यानं म्हटलं नव्हतं. कादंबरीला दोन्ही लागतात. गर्दीतली माणसं साच्यातली राहू द्या, म्हणजे वाचकाचं लक्ष हवं तिथं राहतं.

पात्राची भाषा कशी ठरवू? बोली वापरलीच पाहिजे का?

बोली येत असेल तरच वापरा. दोनचार शब्दांच्या शेवटी ‘हाय’ आणि ‘नाय’ लावलं की ग्रामीण पात्र होतं, या समजुतीनं मराठी कथेचं फार नुकसान केलं आहे. कोल्हापूरची, नगरची, नागपूरची आणि मालवणची बाई एकाच तऱ्हेनं ‘गावठी’ बोलत नाही.

भाषा पात्राला काय देऊ शकते ते दशावतारात दिसतं. देव शुद्ध, भारदस्त मराठीत बोलतात. वेद पळवणारा संकासुर येतो तो मालवणीत बोलत. प्रेक्षक त्याच्यावर नुसते हसत नाहीत, त्याला आपला मानतात. असुराचा साचा आणि घरची बोली, एवढ्या दोन गोष्टींतून ते पात्र उभं राहतं.

बोली जमत नसेल तर प्रमाण मराठीतच माणसं वेगळी करा. कोण वाक्य पूर्ण करतं, कोण अर्ध्यावर सोडतं, कोण प्रश्नाला प्रश्नानंच उत्तर देतं. नवऱ्याला ‘अहो’ म्हणणारी बाई रागात काय म्हणते? आईला ‘ए आई’ आणि वडिलांना ‘अहो बाबा’ म्हणणारा मुलगा आपल्या घराबद्दल न बोलताच बरंच सांगून जातो.

नाव कसं ठेवावं?

जुन्या नाटककारांनी नावातच पात्र सांगितलं. देवलांच्या ‘शारदा’ नाटकात, १८९९ साली, पैशासाठी लेकीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेल्या बापाचं नाव कांचनभट, आणि त्या म्हाताऱ्या नवऱ्या मुलाचं नाव भुजंगनाथ. ‘संशयकल्लोळ’मध्ये तर फाल्गुनराव, अश्विनशेट, भादव्या ही महिन्यांवरून आणि कृत्तिका, रेवती ही नक्षत्रांवरून. नाटकात ते शोभतं. आजच्या वास्तववादी कथेत मात्र कंजूष माणसाला ‘लक्ष्मीकांत’ केलं की लेखकाचा हात दिसतो.

जन्मसाल बघून नाव ठेवा. साठ वर्षांच्या बाईचं नाव ‘अन्वी’ नसतं आणि पहिलीतल्या मुलीचं बहुधा ‘शकुंतला’ नसतं. आडनाव त्याहून जपून, कारण मराठी आडनावातून गाव कळतं, पुष्कळदा जातही कळते.

काही साचे एखाद्या जातीला किंवा समाजाला चिकटलेले असतात. ते वापरावेत का?

ते तसेच्या तसे वापरू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. चिकट व्यापारी अमुक समाजाचा, भाबडा नोकर तमुक प्रांतातला, कामवाली नेहमी एकाच प्रकारे बोलणारी, पोटभरू भटजी, रांगडा पाटील. यातल्या काही साच्यांनी खऱ्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या त्रास दिला आहे. ‘विनोदासाठी घेतलं’ म्हणून तो त्रास कमी होत नाही.

यावर उपाय म्हणून सगळ्या पात्रांची आडनावं पुसून टाकायची, हेही मला पटत नाही. जात न सांगितलेल्या कथेतलं पात्र वाचक गुपचूप स्वतःच्या जातीचं करून टाकतो. त्यापेक्षा लिहिण्याआधी एवढं करावं: त्या समाजातल्या लेखकांनी आपल्या माणसांबद्दल काय लिहिलंय ते वाचावं. मराठीत दलित आत्मकथनांनी सत्तरच्या दशकानंतर हे काम इतकं मोठं केलं की ‘गरीब बिचारा’ या साच्यात कुणालाही बसवणं आता अज्ञानाचं लक्षण ठरावं. त्या लेखनातली माणसं भांडखोर आहेत, चतुर आहेत, कधी चुकीची आहेत, आणि स्वतःबद्दल स्वतः बोलतात.

पुराणातली किंवा गाजलेल्या नाटकातली व्यक्तिरेखा आजच्या काळात आणायची असेल तर?

आणा, पण त्या पात्रापाशी गमावण्यासारखं काय होतं ते आधी शोधा आणि आजच्या माणसाला तितकंच मोलाचं काहीतरी द्या. शेक्सपिअरचा लिअर राज्य वाटून टाकतो. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मध्ये, १९७० साली, गणपतराव बेलवलकरांकडे राज्य नाही. निवृत्त नट आपली कमाई मुलांमध्ये वाटतो. ती रक्कम राज्यापुढे किरकोळच. मग बरोबरी कशी झाली? बेलवलकरांकडे जन्मभर केलेल्या भूमिकांची स्वगतं आहेत. घर गेलं, मान गेला, तरी ती भाषा कुणाला काढून घेता येत नाही. कफल्लक होऊनही राजासारखं बोलणारा म्हातारा, ही शिरवाडकरांची स्वतःची निर्मिती. कर्ण आजच्या काळात आणताना त्याला नुसतं ‘अनाथ आणि हुशार’ करून भागत नाही, ते यामुळेच. त्याची कवचकुंडलं आज कोणती, हे सापडेपर्यंत थांबा.

माझा खलनायक कार्टूनसारखा होतो. काय करू?

त्याला त्याची बाजू त्याच्याच तोंडून मांडू द्या, आणि निदान एका मुद्द्यावर तो बरोबर असू द्या. इचलकरंजीच्या घरात सासूच्या बाजूनं पाहिलं तर दीपाच खलनायिका आहे, आणि हिशेब तिचाच बरोबर आहे.

ओळखीच्या खऱ्या माणसावरून पात्र घेतलं तर?

सगळेच घेतात. पण एका माणसावरून अख्खं पात्र घेऊ नका. एकाची चाल, दुसऱ्याचा धंदा, तिसऱ्याची अडचण अशी सरमिसळ करा. शहर बदला, व्यवसाय बदला. त्यात सभ्यता आहेच, शिवाय लेखनाचा फायदाही आहे: खऱ्या काकूंनी त्या प्रसंगात काय केलं असतं, या विचारात हात अडकून पडत नाही. आजार, घटस्फोट, कर्ज अशा गोष्टी कुणी विश्वासानं सांगितल्या असतील तर आधी विचारा. नाही म्हणाले तर सोडून द्या.

दुसऱ्या कुणाच्या पात्रासारखं पात्र झालं तर कायद्यानं अडचण येते का?

साचा वापरल्यानं येत नाही. भारतात १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे, आणि कल्पना किंवा विषय यांवर कुणाचा हक्क नसतो, हक्क ती ज्या रूपात मांडली त्या रूपावर असतो. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात हे सविस्तर सांगितलं. एका नाटकावरून चित्रपट उचलल्याचा तो दावा होता. विषय सारखा असला तरी मांडणी वेगळी असेल तर उल्लंघन होत नाही, असा निर्णय झाला. तेव्हा ‘बिलंदर मित्र’ तुमचाही आणि सगळ्यांचाही. मात्र एखाद्या हयात लेखकाचं पात्र त्याच नावानं, त्याच लकबींसह, त्याच प्रसंगांत आणलं तर प्रश्न येऊ शकतो. लेखकाच्या मृत्यूनंतर साधारण साठ वर्षांपर्यंत हक्क टिकतो. शंका असेल तर प्रकाशकाला किंवा वकिलाला दाखवून घ्या.

पात्र तयार झालं, हे कसं ओळखायचं?

त्याला कथानकाशी काडीचा संबंध नसलेल्या प्रसंगात टाका. बँकेत पासबुक भरायचं मशीन बंद आहे आणि पुढे बारा माणसं आहेत. साच्यातली खाष्ट सासू तिथं फक्त खेकसेल. शेडवाल्या सासूबाई आधी रांगेतल्या माणसाच्या शर्टाचं कापड दोन बोटांत धरून बघतील, कुठल्या मागावरचं असेल याचा अंदाज घेतील, आणि मग काउंटरवरच्या मुलाला खेकसतील. हा प्रसंग कथेत ठेवायचा नाही. तो लिहिताना पुढचं वाक्य तुम्हाला शोधावं लागलं नाही, तर मूळ कथेकडे वळायला हरकत नाही.